शिकाऊ विमानं का पडतात: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न नाशिकच्या गंगापूर रोडवर राहणाऱ्या एका आईचा आहे. मुलगी बारावी झाली, तिला वैमानिक व्हायचंय, फ्लाइंग स्कूलच्या फीची जुळवाजुळवही झालीय. पण ‘शिकाऊ विमान शेतात कोसळलं’ अशी बातमी आली की घरात दोन दिवस तो विषय कुणी काढत नाही. त्या विचारतात: ही विमानं जुनीपुराणी असतात, म्हणूनच पडतात ना? आणि मुलीची उंची पाच फूट एक इंच आहे, त्याने काही अडतं का?

ताई, उंचीचं शेवटी सांगतो. आधी जुन्या विमानाचं बोलू.

मी नाशिकजवळच्या ओझरला, एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या कॉलनीत वाढलो. मिगच्या आवाजाने खिडक्यांची तावदानं थरथरायची, त्या आवाजात आम्ही पाढे पाठ केले. पुढे लढाऊ विमानापर्यंत काही पोहोचलो नाही, पण वीसेक वर्षं छोट्या विमानांवर इन्स्ट्रक्टर म्हणून काढली, बहुतेक सेसना १५२ आणि १७२ वर. यातलं १५२ बनवणं कंपनीने १९८५ मध्येच थांबवलं. म्हणजे आज उडणारं प्रत्येक १५२ चाळिशीला टेकलेलं किंवा चाळिशी ओलांडलेलं. ऐकून धस्स होतं, कबूल. पण विमानाचं वय वर्षांपेक्षा उडालेल्या तासांवर मोजतात. ५० तासांनी तपासणी, १०० तासांनी त्याहून मोठी तपासणी, आणि दोन-अडीच हजार तास झाले की इंजिन उतरवून, पूर्ण उघडून ओव्हरहॉल. सांगाडा १९८० चा आणि इंजिन जवळपास नवं, असं बहुतेक ठिकाणी असतं. चाळीस वर्षांच्या विमानात मी बिनघोर बसेन. चार वर्षांचं विमान असेल आणि त्याच्या स्नॅगच्या, म्हणजे बिघाडांच्या, वहीत महिनाभर एकही नोंद नसेल, तर मात्र मी दहादा विचार करेन. रोज सहा-सहा तास उडणाऱ्या विमानात महिनाभर काहीच बिघडलं नाही, असं होत नसतं. कुणी लिहिलेलं नसतं, एवढंच.

इंजिनं बंद पडतात, ठिणगी पाडणारे मॅग्नेटो दगा देतात, व्हॉल्व्ह अडकतात. कधी दुरुस्तीनंतर एखादा नट सैल राहतो. पण विमान धडधाकट, इंजिन चालू, हवा स्वच्छ, आणि तरी अपघात, असे प्रकार यांच्यापेक्षा कितीतरी जास्त. ते बहुतेक रनवेच्या आसपास, कमी उंचीवर आणि कमी वेगात घडतात.

संख्येने सगळ्यात जास्त गडबडी लँडिंगच्या वेळी होतात. त्यातल्या बहुतेकांची बातमी होत नाही, कारण कुणाला इजा होत नाही. विद्यार्थी जरा जास्त वेगात येतो, चाकं टेकतात, विमान उसळी घेतं. उसळी दिसली की तो घाबरून स्टिक, म्हणजे नाक वर-खाली करणारं हातातलं हँडल, पुढे ढकलतो, नाकाचं चाक आधी आपटतं, विमान आणखी जोरात उसळतं. तिसऱ्या उसळीला नाकाचं चाक मोडतं आणि प्रोपेलर रनवेला घासतो. माणसं चालत बाहेर येतात. विमान मात्र काही महिने हँगरमध्ये बसतं आणि इंजिन उघडावं लागतं. दुसरा नेहमीचा प्रकार बाजूच्या वाऱ्याचा. चाकं टेकली की विद्यार्थ्याला वाटतं, झालं एकदाचं, आणि शेपटीचं सुकाणू सांभाळणारे पाय ढिले पडतात. वारा शेपटीला ढकलतो, विमान रनवे सोडून गवतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगायचो, विमान दोरीने जागेवर बांधून होईपर्यंत ते उडतंयच असं समजा.

जीव जातो तो मात्र बहुधा दुसऱ्या जागी, उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलीला पहिल्या महिन्यापासून याच वळणाशी रोज गाठ घ्यायची आहे.

उतरताना विमान रनवेभोवती चौकोनी फेरी मारतं, त्याला सर्किट म्हणतात. चौकोनाची शेवटून दुसरी बाजू ती बेस आणि रनवेच्या रेषेत येणारी ती फायनल. बेसवरून फायनलला वळताना उंची असते पाच-सहाशे फूट. समजा त्या दिवशी वारा बेसवर पाठीमागून आहे. विमान जमिनीवरून नेहमीपेक्षा भराभर सरकतं, विद्यार्थ्याला ते उशिरा कळतं आणि वळता वळता रनवेची रेषा ओलांडली जाते. आता खरं तर जास्त कलून वळायला हवं, पण कमी उंचीवर जास्त कलू नकोस हे त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं असतं. मग तो पायाने चोरी करतो. आतल्या बाजूचा रडर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं पेडल, दाबून नाक रनवेकडे ओढतो. रडरमुळे विमान आपोआप आणखी कलायला लागतं, म्हणून हाताने उलट्या बाजूचा एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारी पंखाची झडप, देतो. या खटाटोपात नाक खाली जातं, म्हणून स्टिक मागे ओढतो. पाय एकीकडे, हात दुसरीकडे, स्टिक पोटाशी. स्पिनमध्ये, म्हणजे गिरकी घेत कोसळण्यात, जाण्याची यापेक्षा खात्रीची रीत मला माहीत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. बातम्यांमध्ये ‘विमान स्टॉल झालं’ वाचलं की लोकांना वाटतं इंजिन बंद पडलं. इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही. पंख हवेला फार मोठ्या कोनात सामोरा गेला की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल कोसळते. त्या वळणात आतला पंख आधी स्टॉल होतो, विमान त्या बाजूला उलथतं आणि गिरकी घेत खाली येतं. १५२ ला एक पूर्ण गिरकी आणि त्यातून सावरणं यात हजारेक फूट लागतात. विद्यार्थ्याकडे असतात पाचशे. चार हजार फुटांवर याच चुकीचा आम्ही हसत हसत सराव करून घेतो. तिथे तो धडा असतो, इथे नाही.

हे मी स्वतः केलंय. तेव्हा माझे जेमतेम २५ तास झाले होते. शेजारी हवाई दलातून निवृत्त झालेले आमचे सर. रेषा ओलांडली, मी पाय दाबला. क्षणात त्यांचा आवाज आला, ‘आय हॅव कंट्रोल’. नाक खाली, पंख सरळ, थ्रोटल म्हणजे इंजिनाची ताकद पूर्ण, आणि आम्ही पुन्हा वर. खाली आल्यावर रागावतील म्हणून मी मान घालून उभा होतो. ते सिगारेट पेटवत एवढंच म्हणाले, “रनवे कुठे पळून जाणार होता का?”

रेषा चुकली, वेग जास्त झाला, उसळी आली, तर थ्रोटल पूर्ण उघडा आणि पुन्हा फेरी मारून या. याला गो-अराउंड म्हणतात. इतका सोपा उतारा असताना मुलं तो घेत का नाहीत? एक, उड्डाणाच्या तासाला हजारो रुपये मोजलेले असतात, आणखी एक फेरी म्हणजे आणखी पैसे. दोन, डिस्पॅचच्या, म्हणजे विमानं सोडणाऱ्या ऑफिसच्या, ओट्यावर मित्र चहा पीत बघत असतात. तीन, काही इन्स्ट्रक्टर गो-अराउंडला नापास झाल्यासारखं वागवतात. हे तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात घातक आहे. भरीस भर, गो-अराउंड पुरेसा घोटून घेतला नसेल तर तोच अंगावर येतो. उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली असतात आणि ट्रिम, म्हणजे नाकाचा कल धरून ठेवणारी जुळणी, नाक वर ठेवण्याकडे लावलेला असतो. अचानक पूर्ण ताकद दिली की नाक झपकन वर उठतं, ते जोर लावून खाली दाबावं लागतं. काही जण घाईत फ्लॅप एकदम वर घेतात आणि विमान बदकन खाली बसतं. टप्प्याटप्प्याने घ्यायचे असतात, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. हाताला सवय नसते.

आता खरोखर इंजिन बंद पडलं तर? उंचीवर पडलं तर फारसं बिघडत नाही. हजार फुटांमागे अडीच-तीन किलोमीटर तरंगत जाता येतं, जागा निवडायला वेळ मिळतो. वाईट असतं ते उड्डाणानंतर लगेच, तीनशे-चारशे फुटांवर. रनवे पाठीमागे अगदी जवळ असतो आणि वळून परत जाण्याचा मोह जबरदस्त. पण परत फिरणं म्हणजे नुसतं अर्धं वळण नव्हे, रनवेच्या रेषेत यायला त्याहून बरंच जास्त वळावं लागतं. ४५ अंश कललं की स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांवर ४१ टक्क्यांनी. इंजिन नाही, वेग घसरतोय, स्टॉलची पायरी वर चढतेय, आणि जमीन तीनशे फुटांवर. म्हणून नियम असा की नाक ताबडतोब खाली, वेग सांभाळा आणि समोर डावी-उजवीकडे जे थोडंफार दिसतंय त्यात उतरा.

आपल्या भागात ‘जे दिसतंय ते’ हा एक स्वतंत्र धडा आहे. वरून पाहिलं तर पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षबागा हिरव्या गालिच्यासारख्या दिसतात. त्या गालिच्याखाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात, तिथे विमान घालणं म्हणजे किसणीवर घालणं. ऊसही वरून सपाट वाटतो, पण चाकं त्यात अडकून विमान पालथं होतं. काढणी झालेलं कांद्याचं वावर किंवा पडीक रान, नांगरटीच्या सरींच्या दिशेने, वाऱ्याला तोंड करून, हे त्यातल्या त्यात बरं. एवढं जमलं तर माणूस वाचतो, कारण १५२ ताशी ७५-८० किलोमीटरच्या आसपास जमिनीला टेकतं आणि समोरचा वारा त्यातलेही काही कमी करतो. जुलै २०२२ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शिवारात एकटीने क्रॉसकंट्रीला, म्हणजे लांबच्या सरावाच्या उड्डाणाला, निघालेल्या विद्यार्थिनीचं विमान असंच शेतात आलं. विमानाची दशा झाली, मुलगी किरकोळ जखमांवर निभावली. अशा वेळी उपयोगी पडतो तो खांद्यावरचा पट्टा, पण तो काचतो म्हणून मुलं सैल सोडतात. तेवढं तुम्ही आई म्हणून बजावून सांगा.

नाशिकच्या उन्हाळ्याचाही हिशेब इथेच सांगतो. ओझरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० फुटांवर. मे महिन्यात दुपारी ४० अंश तापमान असेल तर हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण ५३००-५४०० फुटांवर असल्यासारखं वाटतं. तेवढ्या उंचीवर ११० अश्वशक्तीच्या इंजिनातून जेमतेम ९०-९५ अश्वशक्ती निघते, आणि पंख नि प्रोपेलर दोन्हीही विरळ हवेत कमी काम करतात. ओझरला धावपट्टी तीन किलोमीटरची आहे, तिथे जमिनीवर काही जाणवणार नाही. छोट्या पट्टीवर, टाक्या भरलेल्या, दोन धष्टपुष्ट माणसं बसलेली, आणि पलीकडे झाडं किंवा टेकडी असेल तर जाणवेल, आणि जाणवेल तेव्हा उशीर झालेला असेल. वजनाचा तक्ता भरताना विद्यार्थी स्वतःचं वजन प्रवेशाच्या दिवशीचंच लिहितात. मेसच्या जेवणाने वर्षभरात त्यात काय भर पडली ते कोण सांगणार!

पावसाळ्यात वेगळंच. श्रावणात बाहेर २४ अंश, हवा दमट, आणि तरी कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. विद्यार्थ्यांना पहिल्यांदा सांगितलं की ते हसतात. पण कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जाताना आणि पेट्रोलची वाफ होताना तापमान २० अंशांहून जास्त घसरू शकतं. दमट हवेतलं पाणी तिथेच गोठतं. लक्षण एकच, इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. विद्यार्थी थ्रोटल चिमूटभर पुढे करतो, फेरे परत येतात, त्याला वाटतं ठीक झालं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. यावर उपाय म्हणजे कार्ब हीटची दांडी ओढून गरम हवा आत सोडणं. मात्र दांडी ओढल्यावर वितळलेलं पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खडखडतं. घाबरून मुलं दांडी परत ढकलतात, म्हणजे औषध लागू पडायला लागलं तेव्हाच बंद करतात. नव्या १७२ मध्ये कार्ब्युरेटरच नाही, तिथे ही भानगड नाही.

इंधनाचं थोडक्यात सांगतो. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी पहिल्या उड्डाणाआधी काढून बघायचंच, पावसाळ्यात तर प्रत्येक वेळी. काट्यावर विश्वास न ठेवता टाकीत पट्टी बुडवून मोजायचं. आणि टँकर कुठला आलाय ते पाहायचं. सेसनाला लागतं ते निळसर अॅवगॅस, काही नव्या डिझेल इंजिनच्या विमानांना जेटचं इंधन लागतं. एकाच तळावर दोन्ही असली की अदलाबदल होऊ शकते. अॅवगॅसच्या टाकीत जेटचं इंधन गेलं तर इंजिन नळ्यांमधल्या चांगल्या इंधनावर सुरू होतं, उड्डाणही करतं, आणि नेमकं वर गेल्यावर बंद पडतं. तपासणीत आणखी एक गोष्ट नाशिककरांना पटकन पटेल. कुंभारीण माशी. विमानाचा वेग मोजणारी पिटो नळी तिला घर बांधायला फार आवडते. रात्री आच्छादन घालायचं राहिलं तर सकाळी धावपट्टीवर वेगाचा काटा शून्यावरच राहतो. धावपळीत निघालेला विद्यार्थी तो काटा बघतच नाही.

हवामानाने होणारे अपघात संख्येने कमी, पण त्यातून क्वचितच कुणी वाचतं. ओझरला ऊन पडलेलं असतं आणि त्याच वेळी इगतपुरीत ढग रस्त्याला टेकलेले असतात, हे कसाऱ्याहून गाडीने येणाऱ्या कुणालाही माहीत आहे. कोकणातली दमट हवा घाट चढली की तिचे ढग बनतात, आणि त्या ढगांच्या पोटात कळसूबाईपासून अंजनेरी-ब्रह्मगिरीपर्यंत डोंगर दडलेले असतात. क्रॉसकंट्रीवरचा विद्यार्थी ‘जरा पुढे जाऊन बघू’ म्हणत ढगात शिरतो आणि क्षितिज दिसेनासं होतं. आता कान त्याला फसवायला लागतात. हळूहळू डावीकडे कलत असताना आतल्या कानाला वाटतं आपण सरळ आहोत. १९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिलं. सगळ्या वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

तरुण पोरांच्या बाबतीत एक कारण घरी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आपल्या गावावरून, मैत्रिणीच्या गच्चीवरून, गंगापूर धरणाच्या पाण्यावरून खाली येऊन चक्कर मारणं, त्यात हल्ली मोबाइलवर शूटिंग. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसले तरच अंदाज येतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निघणाऱ्या उच्चदाबाच्या वाहिन्या एकदा नकाशावर बघा, मग कळेल की ‘मोकळं रान’ किती मोकळं आहे ते. पक्ष्यांचंही तसंच. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला हजारो पाहुणे पक्षी उतरतात, तिकडे सकाळ-संध्याकाळ कमी उंचीवर जाण्यात शहाणपण नाही. आणि येवल्याला संक्रांतीला काय हवेत असतं ते मी सांगायला नको.

राहिला इन्स्ट्रक्टर. आमच्याच जातीबद्दल वाईट बोलतोय, पण बोलायला हवं. व्यावसायिक लायसन्सला किमान २०० तास लागतात. नोकरी लगेच मिळत नाही, म्हणून बरेच जण इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतात. यात काही उत्तम शिक्षक निघतात. पण काहींचं लक्ष विद्यार्थ्यापेक्षा लॉगबुकाकडे असतं. विद्यार्थी चुकतोय हे दिसत असूनही तो शिकेल म्हणून थांबायचं, आणि हाताबाहेर जायच्या आधी ताबा घ्यायचा, या दोन्हींच्या मधली जागा अगदी अरुंद असते. उशिरा ताबा घेणारे जसे असतात, तसे कुणाच्या हातात ताबा आहे हेच स्पष्ट नसलेलेही असतात. दोघांनाही वाटतं दुसरा चालवतोय. शिवाय खंड. विमानं कमी, विद्यार्थी जास्त, मध्ये पावसाळा, मध्ये परीक्षा. वीस-पंचवीस दिवस हात लागला नाही आणि आल्या आल्या तासांचा कोटा पुरा करायला एकट्याने पाठवलं, असं मी एका स्कूलमध्ये डोळ्यांनी बघितलंय. तो मुलगा रनवे सोडून बाहेर गेला, सुदैवाने तेवढ्यावरच निभावलं. त्या आठवड्यात मी तिथून बाहेर पडलो.

म्हणून स्कूल बघायला जाल तेव्हा विमान कुठल्या सालचं हे विचारण्यात वेळ घालवू नका. विद्यार्थ्याने स्वतःहून ‘आज नको’ म्हटलं तर त्या सॉर्टीचे, म्हणजे उड्डाणाचे, पैसे कापतात का, ते विचारा. पंधरा दिवसांच्या खंडानंतर सोलोआधी, म्हणजे एकट्याने उडण्याआधी, इन्स्ट्रक्टरबरोबर फेरी सक्तीची आहे का, ते विचारा. ऑफिसात विचारू नका, कँटीनमध्ये मुलांना विचारा. स्नॅगची वही मागा. आणि सर्किट दिसेल अशा जागी तासभर उभ्या राहा. तासाभरात एकही गो-अराउंड दिसला नाही, आणि लँडिंगं मात्र उसळत होत असतील, तर दुसरं स्कूल बघा. अपघातांची चौकशी करणाऱ्या केंद्राच्या विभागाचे, म्हणजे एएआयबीचे, अहवाल इंटरनेटवर मोफत आहेत. तुम्ही वाचू नका, झोप उडेल. मुलीला मात्र आठवड्याला एक वाचू द्या.

आता उंची. पाच फूट एक इंच अडत नाही, माझ्या दोन उत्तम विद्यार्थिनी याहून बुटक्या होत्या. फक्त दोन गोष्टी. एक, स्वतःची घट्ट, न दबणारी उशी, रोज तीच. उशी बदलली की डोळ्याची पातळी बदलते, रनवे वेगळा दिसतो आणि लँडिंग बिघडतं. दुसरी जास्त महत्त्वाची. पाय पोहोचावेत म्हणून ती सीट पुढे ओढून घेईल. जुन्या सेसनात सीट ज्या रुळावर सरकते त्याची भोकं झिजतात आणि खिट्टी अर्धवट बसते. उड्डाणाच्या क्षणी नाक वर गेलं की सीट मागे घसरते, आणि माणूस जे हातात असेल ते धरतो, म्हणजे स्टिकच. विमान नाक वर करून उभं राहतं. यावर इलाज पाच सेकंदांचा आहे. पट्टा बांधला की सीट जोर लावून दोनदा पुढे-मागे हलवून बघायची, खिट्टी बसल्याचा ‘खट’ ऐकायचा, आणि मगच चेकलिस्टला हात लावायचा.